आठ वर्षांची रेल्वे

आंधळगावातून रूळ कधी गेला नाही. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले हे कोसा रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांचे गाव. इथल्या माणसाला रेल्वेने जायचे म्हणजे एक तर भंडारा रोड गाठायचे, नाही तर तुमसर रोड. भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तुमसर रोड तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ लागले की समजून घ्यायचे, इथपर्यंत आम्ही आणले, पुढचे तुमचे तुम्ही बघा. दक्षिणेकडे पवनीचेही तसेच. तिथल्या छोट्या लाईनीवर जे स्टेशन होते ते पवनी रोड. म्हणजे विणकरांच्या ज्या गावांनी जिल्ह्याचे नाव बाहेर नेले, त्यांच्या वाट्याला रेल्वे आली ती हाताच्या अंतरावरून, बंडीच्या चाकांनी जोडलेली. अशा गावाच्या बाजूने रेल्वेच्या आठवणींकडे पाहिले तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. या मुलुखातून दोन रेल्वे नाहीशा झाल्या. एकीची आठवण रेल्वेप्रेमी जिवापाड जपतात आणि दुसरीचे नावही फारसे कुणी घेत नाही. आणि जिचे नाव कुणी घेत नाही, तिनेच या भागाचे जगणे अधिक बदलले.

विसरली गेली ती नागपूर-छत्तीसगड रेल्वे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि तिथेच थांबली. त्यापुढे पूर्वेकडे वैनगंगेचे खोरे, तुमसर-तिरोड्याचे धानाचे पट्टे, दरेकशाचा घाट आणि मग छत्तीसगडचे अफाट भाताचे कोठार. तिथला भात बाहेर काढायला बैलांचे तांडे आणि पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटा, एवढेच साधन होते. पिकले तर भाव पडायचा आणि शेजारी दुष्काळ असला तरी धान्य तिथवर पोहोचायचे नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सरकारच्या मनात हे गणित पक्के बसवले आणि १८७८ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे मीटरगेज लाईनीचे काम सुरू झाले. नागपूर ते तुमसर हा पहिला तुकडा एप्रिल १८८० मध्ये खुला झाला. पुढचा भाग त्यानंतर राजनांदगावपर्यंत गेला. आजच्या मार्गाने मोजले तर हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. वाटेत कामठीजवळ कन्हान ओलांडायची, तुमसर सोडल्यावर माडगीजवळ वैनगंगा ओलांडायची आणि शेवटी दरेकशाला डोंगरातून बोगद्याने पार व्हायचे. हे काम लहान नव्हते.

मीटरगेज का, याचे उत्तर पैशात आहे. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या सुमारास, सरकारने ठरवले की मोठ्या लाईनीचा खर्च सगळीकडे परवडणार नाही. जिथे वाहतूक कमी अपेक्षित आहे तिथे एक मीटर रुंदीचा रूळ टाकावा. हिशेब कागदावर बरोबर होता, नागपूरला चुकला. जी.आय.पी.चा रूळ साडेपाच फुटी आणि छत्तीसगडकडून येणारा त्याहून दोन फुटांनी अरुंद. म्हणजे भाताचे प्रत्येक पोते नागपूरला एका डब्यातून उतरवायचे आणि दुसऱ्यात चढवायचे. हमालाला काम, व्यापाऱ्याला वैताग आणि दुष्काळात जो वेळ वाचवायचा तो यार्डात खर्च. त्यातून १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने पुढच्या वर्षी ही लाईन घेतली, मोठी केली आणि बिलासपूरमार्गे आसनसोलकडे नेली. १८९१ मध्ये नागपूरहून मालगाड्या थेट तिकडे जाऊ लागल्या. तुमसरला पहिली मीटरगेज गाडी आली तेव्हापासून लाईन मोठी होईपर्यंत जेमतेम आठ वर्षे. जन्मलेले मूल शाळेत रुळायच्या आत ती रेल्वे संपली.

आठवणींच्या दुसऱ्या टोकाला छोटी लाईन आहे. त्याच बंगाल-नागपूर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी रुळांचे जाळे टाकले. गोंदियाहून नैनपूर १९०३ मध्ये, पुढे छिंदवाडा आणि १९०५ पर्यंत जबलपूर. १९०८ मध्ये नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीड. गोंदियाहून चांद्याकडची वाट आणि नागपूर-छिंदवाडा हेही त्यातलेच. साऱ्या जाळ्याची लांबी हजार किलोमीटरच्या घरात जायची आणि गोंदिया, जे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते, ते त्याचे महत्त्वाचे जंक्शन. या जाळ्याची आठवण कशी जपली गेली आहे ते पाहण्यासारखे आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. ह्यू ह्यूज यांनी भारतीय इंजिनांची जी सूची खंडाखंडाने छापली त्यातला एक अख्खा खंड छोट्या लाईनींचा आहे. कोणत्या कारखान्याने कोणते इंजिन बांधले, कोणत्या शेडला ते होते, वाफ संपून झेड.डी.एम. डिझेल इंजिने कधी आली, याची नोंद रेल्वेप्रेमींनी ज्या चिकाटीने केली तेवढ्या चिकाटीने आपल्याकडे गावांचा इतिहासही लिहिला गेलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूर-नागभीडची छोटी गाडी बंद झाली तेव्हा तिच्यासाठी हळहळ व्यक्त झाली. १८८८ मध्ये मीटरगेजसाठी कोणी हळहळले असेल तर तो नागपूरच्या यार्डातला हमालच असणार.

या फरकाचे कारण इंजिनाच्या देखणेपणात नाही, असे मला म्हणायचे आहे. रेल्वेची आठवण तिच्या यशातून तयार होत नाही, दुर्लक्षातून तयार होते. जी लाईन कामाची ठरते ती बदलते. तिचे रूळ रुंद होतात, पूल नव्याने बांधले जातात, स्टेशने वाढतात आणि बदलता बदलता तिचे मूळ रूप स्वतःच पुसले जाते. नागपूर-छत्तीसगड रेल्वे मेली नाही, वाढली, म्हणून ती कुणाला आठवत नाही. आज हावड्याकडे धावणाऱ्या गाड्या तिच्याच मार्गाने जातात आणि राजनांदगाव-नागपूर पट्ट्यात तिसऱ्या लाईनीचेही काम हाती घेतले गेले. उलट छोट्या लाईनीवर पुढची गुंतवणूक झालीच नाही. शंभर वर्षे तोच रूळ, तीच वळणे, तोच वेग. काळ पुढे गेला, ती मागे राहिली, म्हणून ती बघण्यासारखी झाली. रेल्वेप्रेमी ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो बहुधा दुर्लक्षाचा काळ असतो. पाहणाऱ्याला ते दुर्लक्ष गोड वाटते इतकेच.

वऱ्हाडातली शकुंतला ही छोटी गाडी याचे सगळ्यात ठळक उदाहरण. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर. किलिक निक्सन या कंपनीकडे मालकी, चालवायला सरकारी रेल्वे. मँचेस्टरला बनलेले १९२१ चे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत याच रुळांवर धावत राहिले. सत्तर वर्षे तेच इंजिन चालवावे लागणे ही कोणत्याही व्यवस्थापनाला लाज आणणारी गोष्ट. रेल्वेप्रेमींसाठी ती दंतकथा झाली. कालिदासाच्या नायिकेचे नाव त्या गाडीला लाभले हे मात्र झकास झाले. दुष्यंताच्या विस्मरणाची सगळी कथा तिला आपसूक लागू पडते.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. १८८० ची रेल्वे आठवायला आज कोण जिवंत आहे? २०१९ ची पाहिलेली माणसे आहेत, फोटो आहेत. यात सिद्धांत कसला, हा तर काळाचा हिशेब. आक्षेपात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची गाडी प्रत्यक्ष पाहिलेले तर कोणीच उरलेले नाही, तरी ती शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८९७ ची बार्शी लाईट रेल्वे आणि तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्याविषयी देशोदेशीचे रेल्वेप्रेमी लिहितात. बार्शीची गंमत अशी की तिथेही सुरुवात ‘रोड’पासूनच झाली. कुर्डुवाडीचे स्टेशन आधी बार्शी रोड म्हणूनच ओळखले जायचे. फरक इतकाच की बार्शीला त्या ‘रोड’पासून गावापर्यंत छोटी गाडी मिळाली, ती शंभर वर्षांहून अधिक टिकली आणि म्हणून आठवली जाते. तेव्हा वय हे एकटे कारण नव्हे. आठवण टिकायला एक तर संस्थेचा आधार लागतो, जसा १८५३ ला लाभला, किंवा दीर्घकाळ न बदलण्याचा. मीटरगेजला दोन्ही मिळाले नाहीत. कंपनी बदलली, नाव बदलले, रूळ बदलले आणि १९५२ नंतर तर बंगाल-नागपूर हे नावही सरकारी रेल्वेच्या विभागांमध्ये विरून गेले. ‘बी.एन.आर. म्हणजे बी नेव्हर रेग्युलर’ ही थट्टा तेवढी जुन्या माणसांच्या तोंडी राहिली. कंपन्यांच्या नशिबी बहुधा थट्टाच उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो भावनेचा नाही. छोट्या लाईनीला मागासलेली, दुर्लक्षित म्हणणे हा शहरी माणसाचा उद्धटपणा आहे, असे कोणी म्हणेल. जंगलातून मोहफूल, तेंदूपान, लाकूड बाहेर आले ते तिच्यामुळे. बाजाराला जाणाऱ्या बाईला टोपली घेऊन चढता आले ते तिच्यामुळे. तिचे तिकीट स्वस्त आणि तिच्या लहान लहान स्टेशनांची नावे मोठ्या गाडीने कधी ऐकलीही नसतील. हे सगळे मान्य. सातपुड्यातल्या लाईनी दुष्काळाच्या विचारानेच टाकल्या गेल्या, हेही खरे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत उद्ध्वस्त केला होता. पण याच आक्षेपाच्या पोटात माझे म्हणणे आहे. नागभीड-उमरेडच्या लोकांनी लाईन मोठी व्हावी म्हणून मागणी केली, गोंदिया-बालाघाटच्या लोकांनीही केली. त्यांना छोटी गाडी नको होती असे नाही, त्यांना अधिक चांगली गाडी हवी होती. १९९२ नंतर सर्वत्र एकच रूळ करण्याचे धोरण आले तेव्हा गोंदिया-बालाघाट मोठी झाली, पण जबलपूरपर्यंत पूर्ण मार्ग रुंद व्हायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात लाईन बंद आणि बसचे भाडे चालू. रेल्वेप्रेमी शेवटच्या गाडीचा फोटो काढतो. प्रवाशाला ती शेवटची गाडी नसते. त्याला तो गाडी नसलेल्या वर्षांचा पहिला दिवस असतो. त्याच्याजवळ त्या दिवसाचा फोटो नसतो, बसचे तिकीट असते, आणि तेही तो टाकून देतो.

आता आंधळगावाकडे परत यायला हवे, कारण इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो माझ्या बाजूचे लोकच घेतील. ते म्हणतील, मीटरगेज विसरली गेली याचे कारण साधे आहे. तिने विणकराचा घात केला, आणि घात करणाऱ्याची आठवण कोण ठेवतो? ही कथा आपल्याला पाठ आहे. नागपूरला रेल्वे आली, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, विलायती कापड आणि गिरणीचे कापड गावोगाव पोहोचले आणि माग थांबले. नागपूरला रेल्वे आली त्या सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे कापूस आयुक्त असलेले हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची दृष्टीही अशीच होती. इथला कापूस बाहेर जावा आणि बाहेरचे कापड आत यावे. दोन्ही कामांना रेल्वे हवी. या कथेत बरेच खरे आहे, पण ती अपुरी आहे. आंधळगावचे माग थांबले नाहीत. मोहाडी, पवनी, आंधळगाव ही नावे आजही कापडासाठीच घेतली जातात, आणि करवतकाठी लुगड्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो याच परंपरेसाठी.

माग का टिकले, हे पाहिले की रेल्वेचा खरा परिणाम दिसतो. हातमागाच्या इतिहासाचे अभ्यासक तीर्थंकर रॉय यांनी दाखवले आहे की गिरणीने सूत कातणाऱ्याला जेवढे मारले तेवढे विणणाऱ्याला मारले नाही. जाड, साधे कापड गिरणीकडे गेले. रुंद काठाचे, रेशीम घातलेले, लग्नकार्यात लागणारे लुगडे मागावरच राहिले, कारण गिरणीला ते परवडत नव्हते. आणि त्या लुगड्याला लागणारे बारीक, एकसारखे सूत गावच्या चरख्यावर मिळेना, ते गिरणीतून, म्हणजे रेल्वेने, येऊ लागले. कोशाचे तसे नव्हते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवरांनी पोसलेला कोसा जंगलातून गावात पायीच यायचा. पण त्यापासून विणलेले कापड दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत न्यायला व्यापाऱ्याला पुन्हा स्टेशनच गाठावे लागे. म्हणजे रेल्वेने मागावरचे साधे कापड काढून घेतले, मागाला सूत दिले आणि उरलेल्या कापडाला बाजार दिला. कातणाऱ्या बाईचे काम गेले, तिच्या घरातल्या विणकराचे काम राहिले, पण आता त्याचा सुताचा भाव नागपूरला ठरायचा आणि लुगड्याचा भाव आणखी दूर. हा परिणाम घात म्हणून साठवता येत नाही आणि उपकार म्हणूनही नाही. तो रोजच्या हिशेबात मिसळून जातो. विसरले जाण्याचे हे दुसरे कारण. रेल्वेने केलेला बदल इतका खोल असतो की तो रेल्वेचा आहे हेच दिसेनासे होते. सुताचा भाव वाढला की माणूस व्यापाऱ्याला शिव्या देतो, रुळाला नाही.

दुष्काळाचे तेच. मीटरगेज दुष्काळाच्या नावाने बांधली गेली, पण ती मोठी झाल्यावरही १८९६-९७ चा दुष्काळ आलाच आणि तीन वर्षांत दुसरा आला. रूळ असतानाही माणसे मेली, कारण धान्य जिथे भूक आहे तिथे जात नाही, जिथे पैसा आहे तिथे जाते. रूळ दोन्हीकडे सारख्याच वेगाने वाहतो. छत्तीसगडच्या भाताला बाजार मिळाला, म्हणजे टंचाईतही तो बाहेर जाऊ शकला. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या पिढीने रेल्वेवर हीच टीका केली होती. तरीही रेल्वेअभावी जे घडले असते ते याहून वाईट असते असा युक्तिवाद आहे, आणि तो मला फेकून देण्याजोगा वाटत नाही. मुद्दा असा की या वादात इंजिनांचा वर्ग, चाकांची मांडणी, शेडचे नाव यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. हवे असते ते पावसाळ्यात स्टेशनावर पोत्यांची थप्पी किती उंच होती आणि ती कोणत्या दिशेने गेली, याची नोंद. ती नोंद ठेवायला तेव्हा रेल्वेप्रेमी नव्हते, आणि असते तरी त्यांनी थप्पीकडे पाठ करून इंजिनाकडेच पाहिले असते.

हे रेल्वेप्रेमींना दूषण म्हणून लिहिलेले नाही. त्यांच्या वेडाशिवाय छोट्या लाईनीचे वेळापत्रकसुद्धा रद्दीत गेले असते. साक्षीदार जिथे उभा असतो तिथलेच तो सांगतो, आणि रेल्वेप्रेमी फलाटावर उभा असतो. एक अपवादही कबूल करायला हवा. माझे म्हणणे लाईनीला लागू आहे, गाडीला नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून यशस्वी आहे, कितीदा तरी डबे बदलले, तरी ती प्रेमाने आठवली जाते. नाव असलेली गाडी माणसासारखी असते, कपडे बदलले तरी ओळखू येते. लाईनीला तसा चेहरा नसतो. नागपूर-छत्तीसगड रेल्वेला तर नावाने ओळखली जाणारी एकही गाडी मागे ठेवता आली नाही.

तिची नोंद शोधायची तर मग इंजिनांच्या सूचीबाहेर शोधावी लागेल. तुमसरच्या धानाच्या बाजारपेठेत, जी देव्हाडीच्या स्टेशनाशिवाय एवढी वाढली नसती. देव्हाडीहून तिरोडीकडे फुटलेल्या फाट्यात, जिथून डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याचे मँगनीज खाली येते. माडगीच्या नदीपात्रात, जिथे आधी कुठे ओलांडायचे हे ठरले आणि मग त्यावर सगळे काही बांधले गेले. आणि वरठी-देव्हाडीच्या फलाटांवरच्या पिवळ्या पाट्यांमध्ये, ज्यांवर तीन भाषांत दोन अशा शहरांची नावे लिहिलेली आहेत जी तिथे नाहीत. आंधळगावच्या विणकराचा गठ्ठा त्या पाटीखाली उतरायचा तेव्हा ‘रोड’ या शब्दाचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नसे. तो त्याच रोडने आलेला असायचा.